गुंडपट कसा पाहावा?

श्रोतेहो, झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक रंगला की आपण टाळी देतोच. पडद्यावरच्या गुंडाचेही तसेच. पण टाळी देताना विचारावे, या पोराच्या हाती शस्त्र आले कसे?

जपानात टोळीवाल्यांना याकुझा म्हणतात. किंजी फुकासाकू यांच्या १९७३ साली सुरू झालेल्या चित्रपटमालेत महायुद्धातून परतलेला सैनिक काळ्या बाजाराच्या दिवसांत टोळीत अडकतो. महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल विझते अन् धाकटा मुलगा टोळीत जातो. दोन्हीकडे हाणामारी भरपूर. मुळाशी मात्र रिकामे हात.

गुरुजी, मुले अशा मारामारीच्या गप्पा मारू लागली तर रागावू नका. टोळीने त्या पोराला दिले काय अन् त्याचे नेले काय, हा हिशेब त्यांनाच मांडू द्या.