१९८२ नंतरचा शिपाई

नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायाला आपल्या हक्कांसाठी संघटना काढता येत नाही. आसपासच्या गावांतल्या पोलीस पाटलांना मात्र ती काढता येते. असं का, हे समजून घ्यायला चाळीस वर्षांहून मागे जावं लागतं.

तेव्हा राज्यात शिपाई-हवालदारांची मान्यताप्राप्त संघटना होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी अनेकांनी काळ्या फिती लावून आपलं गाऱ्हाणं मांडलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्टच्या पहाटे संघटनेच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, मान्यता गेली. मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले, जाळपोळ आणि लूट झाली, लष्कर बोलवावं लागलं. वर्दीतल्या माणसांनी शहर वाऱ्यावर सोडलं, याचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या दिवसाची शिक्षा तेव्हा जन्मालाही न आलेले शिपाई आज भोगत आहेत.

केंद्राचा १९६६ चा कायदा परवानगीशिवाय पोलिसांना कामगार संघटनेत जाऊ देत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळांना मोकळीक देतो. त्यामुळे उरली ती पोलीस पतसंस्था. पगारातून वर्गणी कापली जाते आणि मुलीचं लग्न, आजारपण, घराची डागडुजी यांसाठी कर्ज मिळतं. शिवाय पोलीस कल्याण निधी आहे, कुटुंब आरोग्य योजना आहे. सोबतचा कुणी ड्युटीवर असताना वारला, तर त्याच्या भरतीच्या बॅचचे लोक पैसे गोळा करून घरी पोचवतात. कोणत्याही नियमात नसलेली ही मदत मला सगळ्यांत मोलाची वाटते. तक्रार सांगायला अधीक्षकांचा दरबार असतो, पण तिथे प्रत्येकजण एकटा उभा राहतो. सारंगखेड्याची यात्रा, महाशिवरात्रीचं तोरणमाळ, होळी, निवडणुका असे बंदोबस्त एकामागून एक लागले की साप्ताहिक सुट्टी कागदावर राहते. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात सुरू झाला, तोही एका शिपायाने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून.

संघटना असलेल्या पोलीस पाटलांनी मात्र मोर्चे काढले, निवेदनं दिली, मंत्र्यांसमोर बसले. २०२४ मध्ये त्यांचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झालं.

इंग्लंडमध्ये पोलिसांच्या संपानंतर १९१९ च्या कायद्याने संपाला बंदी घातली आणि त्याच कायद्याने पोलिसांना निवडून दिलेल्या प्रतिनिधींचं मंडळही दिलं. केरळात पोलीस संघटना आजही अधिवेशनं भरवते. संपाचा हक्क कुणी मागत नाही. महाराष्ट्र सरकारने शिपायांना निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत बोलण्याची परवानगी द्यावी. १९६६ च्या कायद्यात त्याला वाट आहे.