यंत्र, भाषा आणि पाठशाळा – लेखांक सहावा : आदिलाबादच्या तीन लिप्या

यंत्राकरवी होणाऱ्या भाषांतराचे मूलतत्त्व गेल्या लेखांकात आपण पाहिले. एकाच आशयाची दोन भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी मांडून अशा लक्षावधी जोड्या यंत्रापुढे ठेवल्या, म्हणजे कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते याचा अदमास ते बांधू लागते. आणि ज्या भाषेच्या दप्तरात अशा जोड्या विपुल, त्या भाषेचे भाषांतर सुबोध होते. मद्रासच्या आयआयटीशी संलग्न असलेल्या ‘एआयफॉरभारत’ या संशोधकगटाने २०२१ साली ‘समानांतर’ नावाचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषा यांच्या मिळून सुमारे पाच कोटी वाक्यजोड्या होत्या, व त्या अकरा भाषांत मराठीला स्थान होते. गोंडीला नव्हते. २०११ च्या खानेसुमारीत एकोणतीस लाखांहून अधिक लोकांनी जी आपली मातृभाषा म्हणून नोंदविली, त्या गोंडीच्या संशोधकांनी शब्दकोश, बालकथा, मोबाइलवरील वाचनाची सोय आणि दूरध्वनीवरील संदेश अशा चार मार्गांनी खटपट करून २०२० साली आपला हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्या पदरी शब्द आणि वाक्ये मिळून बारा हजारांहूनही थोडे कमीच पडले होते. पाच कोटी आणि बारा हजार या दोन आकड्यांमधील अंतर कशाने पडते, याचा शोध घ्यावयाचा तर त्याला आदिलाबादसारखे दुसरे ठिकाण नाही.

हा जिल्हा पूर्वी निजामाच्या मुलखात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल आदिलाबादेतून काढून मुंबई राज्यास जोडण्यात आले, तर नांदेडकडील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले तेलुगू प्रदेशात राहिली. रेघ नकाशावर पडली, तरी बाजार, सोयरीक आणि बोली यांनी तिची फारशी दखल घेतली नाही. त्यामुळे उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांत गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू आणि उर्दू या पाचही भाषा आजही एका आठवडी बाजारात ऐकू येतात. मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही, की गोंडांच्या कुलकथा गाणारे वंशपरंपरागत भाट जे प्रधान, त्यांची स्वतःची मातृभाषा मराठी असून, किंगरी हाती घेऊन यजमानापुढे बसले म्हणजे ते गोंडीतून गातात. घरी एक भाषा आणि व्यवसायात दुसरी, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांत वावरणारा हा समाज म्हणजे मराठी–गोंडी भाषांतराची एक जिवंत परंपराच होय.

या परंपरेचा उपयोग शिक्षणासाठी करून घेण्याचा पहिला पद्धतशीर यत्न १९४० च्या दशकात झाला. १९४० साली जोडेघाट येथे गोंडांच्या बंडाचा नेता कुमरम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारला डोंगरातील असंतोषाची कारणे जाणून घेण्याची निकड भासली, व ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ यांचे या भागातील काम त्यातूनच वाढत गेले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडले, तेव्हा कारभाराची भाषा उर्दू असूनही, जे थोडे गोंड साक्षर होते ते मराठीतून साक्षर झालेले असल्यामुळे, गोंडी वाचनपाठांसाठी देवनागरीची योजना झाली. त्याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेत असलेले आमचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि गोंडी व कोलामी या भाषांच्या व्याकरणांत लक्ष घातले. सरकारी अंमलदाराने आपल्या अमलाखालील रयतेची भाषा शिकावी, हा शिरस्ता त्या पिढीत अगदीच अपूर्व नव्हता. आज मात्र तो अपूर्व वाटू लागला आहे.

पुढे राज्य बदलले आणि लिपीही बदलली. २००४ च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा जो बहुभाषिक कार्यक्रम आठ आदिवासी भाषांसाठी हाती घेण्यात आला, त्यातील गोंडी व कोलामी पुस्तके तेलुगू लिपीत निघाली. मुलास पुढील इयत्तांत तेलुगू वाचावयाचे असल्याने या निवडीस व्यावहारिक आधारही होता. त्यानंतर नारनूर मंडलातील गुंजाळा गावी सापडलेली सुमारे डझनभर हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठातील दलित-आदिवासी अध्ययन व अनुवाद केंद्राच्या अभ्यासकांनी, प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने, विद्वज्जगापुढे आणली. गोंडीची ही स्वतंत्र लिपी १७५० च्या आसपासची मानली जाते. तिचा वर्णक्रम पाहिला तर आपल्या बाराखडीवर वाढलेला वाचक क्षणभर थबकतो, कारण तिथे व्यंजनांची सुरुवात क, ख, ग अशी न होता य, व, ब, भ, म अशी होते आणि क त्यानंतर येतो. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत या लिपीस जागा मिळाली, आणि संगणकावर ती लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला.

अशा रीतीने एका जिल्ह्यात, पाऊणशे वर्षांच्या अवधीत, एकाच भाषेचे शालेय साहित्य तीन लिप्यांत विभागले गेले. यावर कोणी म्हणेल, की लिप्यंतर हे तर यंत्राचे अगदी सोपे काम. ते सोपे आहे, परंतु निर्दोष नाही. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांना निरनिराळी चिन्हे आहेत; मराठी वळणाच्या देवनागरीत ती नाहीत. म्हणून तेलुगूतून देवनागरीत उतरविलेला पाठ पुन्हा तेलुगूत नेला, तर मूळचे ऱ्हस्वदीर्घ परत येईलच अशी खात्री देता येत नाही, आणि असा सदोष पाठ यंत्राच्या शिदोरीत पडला म्हणजे दोष पुढे शतगुणित होतो.

आता या विषयाच्या विद्वत्परिषदांकडे वळू. त्यांचे कामकाज एका ठरीव पद्धतीने चालते. संयोजक सर्व स्पर्धक गटांना सारखीच वाक्यसामग्री देतात. मग काही वाक्ये झाकून ठेवून त्यांचे भाषांतर मागवतात. आणि यंत्राचे उत्तर एका आदर्श भाषांतराशी शब्दशः ताडून गुण देतात. २०२० च्या यंत्रभाषांतर परिषदेत जवळच्या भाषांच्या स्पर्धेत हिंदी–मराठी ही जोडी याच रीतीने तपासली गेली. २००२ साली आयबीएमच्या संशोधकांनी सुचविलेले ‘ब्लू’ हे गुणमापन आजही सर्वत्र प्रचारात आहे. शुद्धलेखन स्थिरावलेल्या भाषेत हे माप बऱ्याच अंशी चालते. गोंडीत मात्र मिठाचे नाव काही भागांत सकाराने, काही भागांत हकाराने, तर आणखी काही भागांत नुसत्या स्वराने सुरू होते : सोवर, होवर, ओवर. तिन्ही रूपे बरोबर आहेत. तरीही आदर्श म्हणून त्यांपैकी एकच स्वीकारले, तर उरलेल्या दोन प्रांतांतील मनुष्याचे अचूक उत्तर यंत्राच्या कसोटीवर चूक ठरते. परिषदेच्या फळ्यावरील गुण वाढणे आणि उटनूरच्या शाळेतील मुलास पाठ कळणे, या दोन गोष्टी म्हणूनच एक मानता येत नाहीत.

यावर उपाय म्हणून झालेली सर्वांत मोलाची सभा विद्वत्परिषदेच्या थाटाची नव्हती. सीजीनेट स्वर या संस्थेने २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांना एकत्र बसवून कार्यशाळा घेतल्या, आणि २०१८ साली हंपीच्या कन्नड विद्यापीठात तीन हजारांहून अधिक शब्दांच्या सामायिक कोशाचे काम पूर्णत्वास नेले. कोणते रूप प्रमाण मानावे आणि कोणते पर्याय म्हणून नोंदवावे, याचा निवाडा तेथे भाषकांनीच केला, हे त्या कामाचे खरे महत्त्व. परंतु या खटपटीतून जमलेल्या भाषांतरांची मध्यस्थ भाषा बहुतांशी हिंदी राहिली, आणि छत्तीसगडच्या दृष्टीने ते साहजिकही होते. आदिलाबादच्या गोंडाची शेजारभाषा मात्र मराठी किंवा तेलुगू आहे. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली पुढे आणलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतरयंत्रात गोंडीचा समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि त्यातील गोंडी कोणत्या मुलखाची, हा प्रश्न आदिलाबादकराने विचारला तर तो गैरवाजवी म्हणता यावयाचा नाही.

माझ्या मते परिषदांनी तीन गोष्टींचा ठराव आधी करावा. पहिली, गुण देण्यापूर्वी प्रत्येक वाक्यासाठी निरनिराळ्या भागांतील किमान दोन-तीन आदर्श उत्तरे मान्य करावीत. दुसरी, देवनागरी, तेलुगू आणि गुंजाळा या तिन्ही लिप्यांतील जुनी पाठ्यपुस्तके एकत्र करून त्यांचा शुद्ध पाठ तयार करण्यास संशोधनाचा दर्जा द्यावा. तिसरी आणि मुख्य, मराठी–गोंडी व तेलुगू–गोंडी अशा जोड्या जमविताना द्विभाषिक शिक्षक आणि प्रधान कथागायक यांस मानधन देऊन, संग्रहावर त्यांचे नाव आणि हक्क कायम राखावा. हे काम करू शकणारी माणसे तेथे नाहीत असे कोणी समजू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोलामीत गीते रचणारे आदिलाबादचे सरकारी शाळेतील शिक्षक तोडसम कैलास यांचा उल्लेख फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणात झाला, तो याच मातीतील कर्तृत्वाचा. जी भाषा २०११ साली जेमतेम सव्वा लाख लोकांची होती, तिच्या शिक्षकाने यंत्राला कामास लावले, आणि त्यासाठी कोणत्याही परिषदेच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही.

केसलापूरच्या नागोबा जत्रेत गोंडांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी अंमलदारांनी डोंगरात जाऊन दरबार भरवावा, हा पायंडा हायमेनडोर्फ यांच्याच काळात पडला आणि आजतागायत चालू आहे. भाषातंत्राच्या संशोधकांनी वर्षाकाठी एक सभा तरी त्याच पायंड्याने उटनूर-केसलापूर भागात घ्यावी, आणि आपले यंत्र तेथील वाचकांकडून तपासून घ्यावे. त्यांनी नापास केलेले वाक्य मग परिषदेच्या फळ्यावर कितीही गुण मिळवो, पाठ्यपुस्तकात जाऊ नये. अशा तपासणीची रीत कशी असावी, आणि सीमेवरील किनवटच्या शाळांना तिचा लाभ कसा होईल, याचा विचार पुढील लेखांकात करू.