एथेल वॉटर्स : दुःखाला सूर देणारी कलावती

फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात खोल्या झाडणारी एक कृष्णवर्णीय मुलगी हातातले काम भराभर उरकून घेई, दार आतून लावून घेई आणि आरशासमोर उभी राहून गाई, नाचे, निरनिराळी सोंगे वठवी. तिची मजुरी आठवड्याला ४ डॉलर ७५ सेंट होती. एखाद्या धनिक बाईची खास दासी व्हावे आणि तिच्यासोबत जग पाहावे, यापलीकडे तिच्या स्वप्नांची धाव नव्हती. वाचकहो, पुढे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात जिच्यासाठी पडदा पुनःपुन्हा वर न्यावा लागला, ती एथेल वॉटर्स हीच.

एथेलचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी अमेरिकेतील चेस्टर या गावी झाला. तिची आई लुईझ तेव्हा स्वतःच अजाण मुलगी होती. तिच्यावर झालेल्या अत्याचारातून एथेल जन्माला आली. लेकीकडे पाहिले की आईला ती जखम आठवे. त्यामुळे एथेलला माया मिळाली ती आजीची. आजी सॅली अँडरसन परक्यांच्या घरी राबून पोट भरीत असे. तेराव्या वर्षाच्या सुमारास एथेलचे लग्न झाले आणि ते लवकरच मोडले. त्यानंतर ती हॉटेलात कामाला लागली.

सतराव्या वाढदिवशी एका समारंभात ती सहज गायिली. ते ऐकून तिला बाल्टिमोरच्या रंगमंचावर आठवड्याला १० डॉलरवर काम मिळाले. ती गात असे ते गीत ‘ब्लूज’ या नावाने ओळखले जाते. गुलामगिरीतून सुटूनही अवहेलनेतून न सुटलेल्या समाजाच्या श्रमगीतांतून हा प्रकार उगवला. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या स्त्रीने ओवीतून मनातले सल सांगावेत, तसेच हे एकट्या जिवाचे गाऱ्हाणे. बेसी स्मिथसारख्या गायिका ते भरदार, खणखणीत आवाजात गात. एथेलचा स्वर मृदू आणि प्रत्येक शब्द स्वच्छ असे. १९२१ साली कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या ‘ब्लॅक स्वान’ कंपनीने तिच्या ‘डाउन होम ब्लूज’ची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या खपाने त्या नवजात कंपनीला बळ आले.

१९३३ साली हार्लेममधील कॉटन क्लबात ती हॅरॉल्ड आर्लेन यांचे ‘स्टॉर्मी वेदर’ गाऊ लागली. या क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत, मात्र समोर बसण्याचा मान केवळ गोऱ्यांना होता. तिथे तिचे गाणे ऐकून संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनी तिला आपल्या ‘ॲज थाउजंड्स चीअर’ या संगीतप्रयोगात घेतले. इतर सर्व प्रमुख कलावंत गोरे होते. हा हास्यविनोदाचा खेळ होता आणि त्यातील प्रत्येक प्रवेश वृत्तपत्रातील एखाद्या मथळ्यावर रचलेला असे. एथेलच्या एका प्रवेशाचा मथळा मात्र जमावाने केलेल्या कृष्णवर्णीयाच्या हत्येचा होता. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली आहे, ताटे मांडायची आहेत आणि बाबा आता कधीच येणार नाहीत हे मुलांना कसे सांगावे, ते त्या स्त्रीला कळत नाही. हसायला आलेल्या प्रेक्षकांपुढे एथेलने ‘सपर टाइम’ या गीतातून ते घर उभे केले.

१९३९ साली ‘मांबाज डॉटर्स’ नाटकात तिने हेगर ही दुर्दैवी माता रंगविली. ब्रॉडवेवरील गंभीर नाटकात प्रमुख भूमिका करणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री म्हणून तिचा उल्लेख केला जातो. हेगरच्या रूपाने आपण आपल्या आईचीच व्यथा मांडली, असे तिने पुढे सांगितले. पहिल्या प्रयोगाला तिला सतरा वेळा प्रेक्षकांपुढे यावे लागले. जी आई तिला कधी जवळ घेऊ शकली नाही, तिच्या वतीने ती बोलली होती.

तरीही सारे दरवाजे उघडले नव्हते. १९४९ च्या ‘पिंकी’ चित्रपटात तिच्या वाट्याला आली ती धुणे धुणाऱ्या आजीची भूमिका. तिच्यासाठी तिचे ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन झाले. हा मान मिळवणारी ती दुसरी आफ्रिकन-अमेरिकन कलावती. १९५० मध्ये ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ नाटकात ती स्वयंपाकीण झाली आणि त्याचे ५०१ प्रयोग झाले. त्याच वर्षी ‘ब्यूला’ या दूरचित्रवाणी मालिकेत ती नायिका होती, पण तीही मोलकरीणच! कृष्णवर्णीय स्त्रीला नायिकापद देतानाही तिच्या हातची झाडणी काढून घ्यायला तो समाज तयार नव्हता.

आणि इथेच एथेलचे थोरपण दिसते. तिला भूमिका निवडता आल्या नाहीत, पण त्या माणसांना तिने हास्यास्पद होऊ दिले नाही. चुलीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीलाही अभिमान असतो, तीही कुणासाठी झुरत असते, हे ती आपल्या आजीकडे पाहून शिकली होती. १९५१ साली तिने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्या जन्माची कहाणी निःसंकोचपणे सांगितली. उत्तरायुष्यात तिने धार्मिक सभांतून भक्तिगीते गायिली. १ सप्टेंबर १९७७ रोजी तिचे निधन झाले.

वाचकहो, परक्याच्या घरी राबणाऱ्या हातांमागे केवढे जग दडलेले असते, हे आपल्यालाही सहसा दिसत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या हॉटेलातही ते कुणाला दिसले नव्हते. बंद दाराआड ते पाहत होता तो फक्त एक आरसा.