एकच ‘पऱ्हाटी’, दोन नोंदी : शब्दसंग्रहासाठी कमांड लाइन

पैनगंगेच्या दक्षिणेचा आदिलाबाद जिल्हा १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला; तरी येथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. या सीमेवरच्या बोलीतले शब्द कोणी टिपून ठेवले, तर पुढचा प्रश्न ते नीट मोजण्याचा आणि शोधण्याचा असतो. त्यासाठी लिनक्सवरील सात-आठ आज्ञा पुरतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली विनाशुल्क मिळते.

टर्मिनल उघडले की चित्रे नसतात. आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, येथे ते आधी येते: आधी कृती, मग तिची रीत, शेवटी फाइलचे नाव. (पुढे आज्ञांचे उच्चार दिले आहेत, टाइप करताना लहान रोमन अक्षरे वापरावीत.) ‘पीडब्ल्यूडी’ आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते, ‘एलएस’ तेथील फाइलींची यादी देते, ‘सीडी’ दुसरीकडे नेते. काम सुरू करण्यापूर्वी ‘सीपी’ने मूळ फाइलची प्रत करून घ्यावी. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच.

आता एका ओळीत एक शब्द अशी यूनिकोडमधील साधी मजकूर-फाइल घ्या. ‘सॉर्ट’ शब्द क्रमाने लावते. ‘युनिक’ला ‘-सी’ जोडले की लागोपाठ आलेले समान शब्द मोजले जातात. म्हणून आधी ‘सॉर्ट’, मग उभी रेघ, मग ‘युनिक’. उभी रेघ पहिल्या आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती देते.

येथेच एक अडचण उघड होते. ‘पऱ्हाटी’ यादीत दोनदा दिसू शकते, जणू ते दोन वेगळे शब्द आहेत. कारण कोणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो, तर कोणी ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; संगणकाला मात्र पहिल्यात ७ आणि दुसऱ्यात ८ चिन्हे दिसतात. ‘ग्रेप’ने एक रूप शोधले तर दुसरे सापडत नाही. प्रत्येक रूप वेगळ्या फाइलीत ठेवून ‘डब्ल्यूसी -एम’ चालवा; ओळीच्या शेवटाचे एक चिन्ह धरून ८ आणि ९ असे आकडे मिळतील.

‘सेड’ एका रूपाच्या जागी दुसरे बसवते. तिचे उत्तर ‘>’ या खुणेने नव्या फाइलीत उतरवावे. त्याच फाइलीकडे वळवले तर ती रिकामी होते.

याच जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गोंडी लिपीही २०१८ पासून यूनिकोडमध्ये आहे; तिच्या शब्दयादीलाही हीच रीत चालेल. मात्र कोणत्याही लिपीत, संग्रह सुरू करतानाच एका शब्दाचे एकच रूप ठरवावे. नाहीतर नोंदवलेला शब्दही शोधताना हरवतो.