ट्रॅक्टरच्या पुढील आंसाचे बुश

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा ढिला झाला म्हणजे चाक डुलूं लागतें, आणि जाणता गाडीवान गाडी तशीच न हांकतां तुंब्यांतील लोखंडी नळी बदलून घेतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तोच मनुष्य ट्रॅक्टरचें पुढचें चाक डुलूं लागलें असतां स्टिअरिंग अधिक घट्ट धरतो व काम पुढें रेटतो. ही चूक मीं स्वतः केली आहे. ती इतरांकडून न व्हावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचा बी-२७५ ट्रॅक्टर तीर्थरूपांनीं १९७४ सालीं घेतला. माझें सारें आयुष्य महसुली कागदांत गेलें. निवृत्तीनंतर शेत हातीं आलें, तेव्हां ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें थरथरत होतीं. ‘जुनें यंत्र, थरथरणारच,’ असें म्हणून मीं दोन हंगाम काढले. तिसऱ्या सालीं कृष्णाकांठच्या उतारावरून उंसाची ट्रॉली आणतांना पुढचें चाक खड्ड्यांत आदळलें, स्टिअरिंगनें उलटा हिसका दिला आणि माझ्या पुतण्याचा अंगठा मोडला. ट्रॉली उलटली नाहीं, हें आमचें दैव. शोध घेतां दोषाचें मूळ सांपडलें तें धातूच्या एका लहानशा नळींत, म्हणजे बुशांत.

पुढचा आंस मधोमध एका आडव्या पिनेवर तोललेला असतो. त्यामुळें एक चाक सरींत व दुसरें वरंब्यावर असतांहि ट्रॅक्टर सरळ राहतो. या पिनेभोंवतीं बुश असतो. शिवाय आंसाच्या दोन्ही टोंकांस ज्या उभ्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, चाक डावें-उजवें वळतें, त्यासहि बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत वर व खालीं एकेक बुश असतो. बुश बहुधा गनमेटलसारख्या, पिनेहून मऊ धातूचा करतात. यांत हेतु आहे. झिजावयाचेंच तर जें स्वस्त व बदलतां येण्याजोगें आहे तें झिजावें. बुशाकडे दुर्लक्ष केलें कीं पिन आंत हलूं लागते, मग आपटूं लागते, आणि शेवटीं महागाची पिन व आंसाचें भोंक दोन्ही अंडाकृति होतात. मग लेथवाल्याच्या दारीं जावें लागतें, आणि ऐन हंगामांत ट्रॅक्टर उभा राहतो.

परीक्षा घरींच करतां येते. सपाट जागीं मागील चाकांस पुढून-मागून ठोकळे लावावे, ब्रेक अडकवावा, आंस जॅकनें उचलून त्याखालीं मजबूत लांकडी ओंडके द्यावे. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीहि खालीं शिरूं नये. मग एकानें चाक वर व खालीं धरून हलवावें आणि दुसऱ्यानें सांध्याकडे पाहावें. चाकाचा तुंबा हलतो पण स्पिंडल स्थिर राहतो, तर दोष बेअरिंगचा समजावा. स्पिंडलच आंसांत हलत असेल, तर दोष बुशाचा. मधल्या पिनेसाठीं ट्रॅक्टरचा पुढील सांगाडा उचलून आंस मोकळा करावा व पहारीनें पुढें-मागें ढकलून पाहावा. इंजिनाच्या ऑइल चेंबरखालीं मात्र जॅक कदापि लावूं नये.

बुश बदलतांना स्टिअरिंगची आर्म काढण्यापूर्वीं ती व स्पिंडल या दोहोंवर खूण करावी, नाहींतर जोडतांना चाकें वांकडीं बसतात. जुना बुश काढल्यावर भोंक धुवून कोरडें पुसावें. नवा बुश हातोड्यानें थेट ठोकूं नये, कारण त्याची कड दबते. लांब बोल्ट, नट व दोन जाड वॉशर घेऊन तो हळूहळू आंत ओढावा. बुशाचें छिद्र ग्रीसच्या छिद्रासमोर आलेंच पाहिजे. आंत बसल्यावर बुश थोडा आकसतो. म्हणून पिन शिरत नसल्यास बळजबरी न करतां रीमर फिरवून घ्यावा. पिन हातानें फिरावी, पण डुलूं नये, ही योग्य बसण्याची खूण. शेवटीं दोन्ही चाकांमधील अंतर पुढून व मागून मोजावें. पुढील अंतर किती कमी ठेवावें, हें ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें.

अपघातानंतर पहिल्या खेपेस मीं पैसे वांचविण्यासाठीं नुसते बुश बदलले व झिजलेले स्पिंडल तसेच ठेवले. त्यांतच एका बुशाचें छिद्र वांकडें बसलें आणि ग्रीस आंत पोंचलेंच नाहीं. एका हंगामांत सारें पूर्ववत् ढिलें झालें. चूक कारागिराची खरी, पण शेजारीं उभा राहून न पाहणारा मी होतों. दुसऱ्या खेपेस स्पिंडल मोजून घेतले, झिजलेले बदलले, आणि तेव्हांपासून चाक थरथरलेलें नाहीं.

ग्रीस भरतांना आंस उचललेला असावा. चाकें जमिनीवर असतां भाराच्या बाजूस ग्रीस नीट शिरत नाहीं. जुनें मळकट ग्रीस निघून ताजें दिसूं लागेपर्यंत भरावें. तें बाहेर येत नसेल तर निपल तुंबला आहे असें समजून तो काढून साफ करावा.

महसुली दप्तरांत ज्याची नोंद नाहीं, तें काम झालेंच नाहीं असें धरतात. आतां ट्रॅक्टरचीहि एक वही मीं ठेवली असून तींत ग्रीस भरल्याची तारीख पुतण्या स्वतःच्या हातानें लिहितो. त्याचा अंगठा थंडींत अजूनहि दुखतो. शेतकरी बंधूंनीं हंगामापूर्वीं एक सकाळ या परीक्षेस द्यावी, एवढीच विनंती करून लेख पुरा करितों.