गेम रंगात आला की फोन का अडकतो? तांब्याची पट्टी, पंखा आणि कूलरमागचं गणित असं आहे

कोल्हापूर विमानतळाच्या शेजारचं गडमुडशिंगी घ्या, नाहीतर जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. संध्याकाळी चार पोरं कट्ट्यावर बसली की एकाच्या तरी हातात बीजीएमआय सुरू असतंच. पहिली मॅच एकदम मक्खन. दुसरीही बरी. तिसऱ्या मॅचला शेवटच्या झोनमध्ये चारच जण उरलेत, समोर एनिमी दिसतोय, स्कोप उघडला आणि तेवढ्यात स्क्रीन अडकली. विषय संपला. फोन तर हातात धरवत नाही इतका तापलेला.

मग सुरू होतो जुगाड. कोणी फोनच्या पाठीला तांब्याची पट्टी चिकटवतो, कोणी कॉम्प्युटरचा जुना हीटसिंक बांधतो, कोणी ऑनलाइन कूलर मागवतो. एखादा बहाद्दर फोन थेट फ्रीजमध्ये ठेवतो. रील्सवर तर फोनचं मागचं झाकण उघडून आत थर्मल पॅड बसवणारेही भेटतात.

यातलं खरंच काय चालतं आणि पंधरा-वीस हजारांचा, बऱ्याचदा हप्त्यावर घेतलेला फोन कशामुळं कामातून जातो? तेच नीट समजून घेऊ.

फोन तापतो म्हणजे नेमकं काय होतं?

फोन जी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. जड गेम खेळताना प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, स्क्रीन आणि नेटवर्क असं सगळं एकदम राबतं. तेव्हा फोन साधारण ५ वॅटच्या आसपास वीज ओढतो. आकडा छोटा वाटतो, पण घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब थोडा वेळ लावून त्याच्या बुडाला हात लावून बघा. लॅपटॉपला निदान पंखा असतो. बहुतेक फोनला तोही नसतो, सगळी उष्णता काचेतून नाहीतर प्लास्टिकमधून बाहेर पडायची असते.

उष्णता बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा आत तयार होण्याचा वेग जास्त झाला की फोन स्वतःच चिपचा वेग कमी करतो. याला म्हणतात थर्मल थ्रॉटलिंग. ६० फ्रेमवर चाललेला गेम मग ४० वर येतो, स्क्रीनचा उजेड कमी होतो, चार्जिंगही मंदावतं.

इथं बहुतेकांचा एक गैरसमज असतो. चिप जळू नये म्हणूनच फोन हळू होतो, असं वाटतं. पण चिप ९० अंशांच्या आसपासही तग धरते. त्याच्या खूप आधी अडचण येते ती बॅटरीला आणि तुमच्या हाताला. फोनचा बाहेरचा भाग ४० ते ४५ अंशांच्या घरात गेला की धरायला त्रास होतो आणि लिथियम आयन बॅटरीचं आयुष्यही झपाट्यानं घटतं. म्हणजे फोन मुद्दाम हळू होतो, तो बॅटरी आणि हात वाचवायला.

सॅमसंगसारख्या कंपनीलाही हा विषय जड गेला होता

मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २२ फोनवरून मोठा गदारोळ झाला. फोनमधली गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस ही यंत्रणा गेमसारख्या अ‍ॅप्सचा वेग कमी करत होती, पण फोनचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्क अ‍ॅप्सना मात्र हात लावत नव्हती. गीकबेंचनं एस २२ सोबत एस २१, एस २० आणि एस १० मालिकेतले फोनही आपल्या यादीतून काढले. कंपनीला माफी मागावी लागली आणि अपडेट देऊन वापरणाऱ्याला पर्याय द्यावा लागला.

दुसरीकडं काही कंपन्यांनी सरळ पंखाच बसवला. २०१९ मध्ये आलेल्या रेड मॅजिक ३ या फोनच्या आतच छोटा पंखा होता. असूसनं २०१८ च्या पहिल्या आरओजी फोनसोबत बाहेरून लावायचा पंखा दिला. २०२५ मध्ये ओप्पोचा के १३ टर्बो आतल्या पंख्यासह भारतातही आला. म्हणजे फोन थंड केला तर गेम जास्त वेळ नीट चालतो, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की घरच्या जुगाडानं ते किती साधतं.

तांब्याची पट्टी : काम करते, पण एकटी नाही

उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा हात धरणं अवघड. त्याची उष्णतावाहकता साधारण ४००, अ‍ॅल्युमिनियमची २०० च्या वर, काचेची १ च्या आसपास आणि प्लास्टिकची जेमतेम ०.२. म्हणून तांबं लावलं की पहिल्यांदा फरक जाणवतोच.

पण तांबं उष्णता गिळून टाकत नाही, ती साठवतं आणि पसरवतं. हिशोब करून बघा. ५० ग्रॅमची पट्टी २० अंशांनी तापायला साधारण ३८५ जूल उष्णता लागते. ५ वॅटच्या वेगानं ती फक्त ७७ सेकंदांत भरते. हवेला उष्णता सोडता आली नाही, तर सव्वा मिनिटात पट्टीचं पोट भरलं. बुलेटच्या इंजिनला पात्या असतात त्या याचसाठी. पात्यांमुळं हवेला भिडणारी जागा वाढते आणि गाडी पळाली की वारा उष्णता घेऊन जातो. म्हणून हीटसिंक आणि वारा ही जोडी आहे, एकाला सोडून दुसरं अर्धवट.

आणखी एक गोची म्हणजे धातूची पट्टी फोनचा अँटेना झाकू शकते. मग फ्रेम सुधारतात, पण पिंग वाढतो. पिंग वाढल्यामुळं होणारा लॅग आणि फोन तापून होणारा लॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कचा लॅग जगातला कुठलाही कूलर घालवू शकत नाही.

कूलर आणि कोल्हापूरचा पाऊस

बाजारात मिळणारे पाठीला चिकटणारे कूलर दोन प्रकारचे. एकात नुसता पंखा असतो, दुसऱ्यात पेल्टिअर नावाची चकती. १८३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेल्टिअर यांनी दाखवलेल्या परिणामावर ती चालते. वीज सोडली की चकतीची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. फोनची पाठ गार पाडण्यात याचा नाद करायचा नाही.

पण रील बनवणारा कोरड्या, एसी खोलीत बसलेला असतो आणि तुम्ही जुलैतल्या कोल्हापुरात. थंड सोड्याच्या बाटलीवर बाहेरून पाणी जमतं, तेच इथं होतं. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साधारण २४ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. पेल्टिअरची चकती सहज तिथं पोचते. हे पाणी चार्जिंग पोर्टमधून किंवा बारीक फटीतून आत गेलं की खेळ खल्लास. एप्रिलच्या कोरड्या दुपारी, हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असताना, हीच मर्यादा साधारण १५ अंशांवर येते. म्हणजे तोच कूलर उन्हाळ्यात बऱ्यापैकी सुरक्षित आणि पावसाळ्यात धोक्याचा.

फ्रीजचं तर नावच काढू नका. थंडगार फोन दमट हवेत बाहेर आला की दव बाहेरच नाही, आतही धरतं.

कूलर लावायची जागाही महत्त्वाची. बऱ्याच फोनमध्ये चिप वरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या आसपास असते आणि खालची बरीच जागा बॅटरी व्यापते. त्यामुळं सगळ्यात गरम जागा हातानं शोधून कूलर तिथंच लावायचा.

फोन उघडून थर्मल पॅड बसवायचा का?

तांत्रिकदृष्ट्या यानं फरक पडतो. चिपवरची उष्णता पॅडमधून मागच्या झाकणापर्यंत लवकर पोचते. पण झाकण एकदा उघडलं की पाणी रोखणारं सील तुटतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. पॅड चुकीच्या जाडीचा बसला तर दाब बोर्डवर किंवा स्क्रीनवर येतो. तांब्याची टेप सरकली तर शॉर्ट सर्किट. आणि झाकण काढताना बॅटरीला टोकदार वस्तू लागली, तर कोल्हापुरी भाषेत सांगायचं झालं तर जाळ अन् धूर संगटच.

फोन रूट करून थ्रॉटलिंग बंद करणं त्याहून वाईट. त्यानं उष्णता कमी होत नाही, फक्त फोनचा ब्रेक काढला जातो.

मग करायचं काय?

१. कव्हर काढा. शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यातलं कास्टिंग बराच वेळ गरम राहतं, कारण वाळू उष्णता हळू सोडते. फोनचं रबरी कव्हर तेच करतं. हा उपाय फुकट आहे.

२. चार्जिंगला लावून खेळू नका. चार्जिंगची स्वतःची उष्णता असते आणि ती थेट बॅटरीत तयार होते. काही फोनमध्ये बायपास चार्जिंग असतं, त्यात वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. तुमच्या फोनमध्ये असेल तर तेच वापरा.

३. फ्रेम रेट आणि ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. बाईक ६० वरून ८० वर नेली की अ‍ॅव्हरेज कसं पडतं, तसंच चिपचं आहे. वेगाच्या शेवटच्या टप्प्याला वीज फार लागते. ९० वरून ४० वर आपटणाऱ्या गेमपेक्षा शेवटपर्यंत ६० वर टिकणारा गेम जिंकून देतो.

४. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळणं टाळा. टेबल फॅनचा वारा फोनच्या पाठीवर आला तरी बराच फरक पडतो.

५. एवढं करूनही भागलं नाही, तर नुसत्या पंख्याचा कूलर घ्या. पेल्टिअर घ्यायचाच असेल तर कोरड्या दिवसांत आणि कमी सेटिंगवर वापरा. दव दिसलं की लगेच बंद.

आणि एक खूण कायम लक्षात ठेवा. फोनची पाठ किंवा स्क्रीन थोडी जरी उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा गेम, चार्जिंग सगळं थांबवायचं. बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला न्यायचा. रँक पुढच्या सीझनला परत मिळवता येते, फुगलेली बॅटरी मात्र कुठल्याही कूलरनं पूर्ववत होत नाही.