'धारावी' शोधलं, किल्ला सापडलाच नाही! मग काय करायचं?

संशोधन करायचं ठरवलेल्या बऱ्याच जणांना कॉलेजच्या ग्रंथालयात शिरल्यावर एकच वाटतं: बाकी सगळ्यांना इथलं कळतं, मलाच कळत नाही. विचारलं तर अज्ञान उघडं पडेल, म्हणून काउंटरकडे जायचंच टाळतो आपण. कॉन्स्टन्स मेलन या अमेरिकन अभ्यासिकेने सुमारे 6,000 विद्यार्थ्यांचं लेखन तपासून 1986 मध्ये ही 'ग्रंथालयाची धास्ती' मांडली. त्यातल्या 75 ते 85 टक्के विद्यार्थ्यांनी सुरुवातीचा अनुभव भीतीच्याच भाषेत सांगितला होता. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

ही धास्ती बऱ्याचदा शब्दांमुळे वाढते. आपण एका शब्दाने शोधतो, ग्रंथालयात माहिती दुसऱ्याच शब्दाखाली असते. एक उदाहरण बघू.

समजा, तुम्हाला मीरा-भाईंदरमधल्या चौक गावच्या धारावी किल्ल्यावर प्रकल्प करायचाय. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, 'धारावी' टाकलंत की मुंबईच्या वस्तीवरची पुस्तकं येतात. 'चौक' टाकलंत तर काहीही येतं. इथे बरेच जण 'काहीच नाहीये' म्हणून उठतात. तुम्ही उठू नका, शब्द बदला.

1. विषय मोठा करा. हा किल्ला वसईच्या खाडीच्या तोंडाशी आहे आणि 1737–39 च्या मराठे-पोर्तुगीज युद्धात त्यासाठी लढाई झाली. म्हणून 'वसईची मोहीम', 'चिमाजी अप्पा', 'उत्तर कोकणातले पोर्तुगीज' असं शोधा.

2. जुनी नावं वापरा. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर 1882 चं आहे. त्यात ठाण्याला 'थाना', वसईला 'बसीन' आणि साष्टीला 'सालसेट' म्हटलंय. स्पेलिंगही त्या काळचंच, त्यामुळे आजच्या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

3. एक पुस्तक मिळालं की त्याचा वर्गांक टिपा. ड्युई दशांश पद्धत असेल तर महाराष्ट्राचा इतिहास 954.792 पाशी असतो. त्या कपाटासमोर दहा मिनिटं उभे राहा, शेजारची पुस्तकं चाळा. सूचीत न सुचलेलं बरंच तिथे दिसतं.

4. मूळ कागदांकडे जा. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड आहेत, त्यात वसईच्या मोहिमेचीही पत्रं आहेत. असे खंड सहसा संदर्भ विभागात असतात आणि घरी मिळत नाहीत, म्हणून वही घेऊनच जा. कॉलेजात नसतील तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' घरबसल्या, फुकट बघता येतं.

आता राहिलं विचारणं. "सर, धारावीवर काही आहे का?" एवढंच विचारलंत तर तेही ओपॅकच बघणार. त्याऐवजी म्हणा, "मॅडम, वसईच्या मोहिमेतला चौकचा किल्ला शोधतोय. गॅझेटिअर बघितलं, आता मराठी पत्रं हवीयत. कुठे बघू?" काय हवंय, काय बघून झालं, कुठे अडलंय, या तीन गोष्टी सांगितल्या की समोरच्यालाही मदत करणं सोपं जातं.

आणि संकोच नको. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं हे ग्रंथपालांच्या कामातच येतं.

पुढच्या वेळी जाण्याआधी आपल्या विषयासाठी पाच पर्यायी शब्द कागदावर लिहून न्या. त्यात एक तरी जुनं नाव असू द्या.